यादवरावांच्या चाचण्या

मखमलाबादला यादवरावांची गुलाबाची तीन पॉलिहाउसे आहेत. तेथील ठिबकची स्वयंचलित यंत्रणा मी बसवली. तंत्रनिकेतनातील पदविका आणि सातपूरच्या कारखान्यात चौतीस वर्षे देखभाल विभाग, एवढा माझा अनुभव. त्यामुळे गेल्या महिन्यात यादवरावांच्या पत्नी सगुणावहिनी यांनी मला बोलावले, ते योग्यच होते.

यादवराव वारले त्याला वर्ष झाले. त्यापूर्वी मुलगा कुंदन याने एका कंपनीकडून त्यांच्या मनाची प्रत करून घेतली होती. पंपघरातील संगणकातून तीच बोलत असे: कोणत्या ओळीला पाणी, कोणत्या दिवशी छाटणी. कुंदन शिकेपर्यंत एक वर्ष, मग ती प्रत बंद करून आपल्याला सोडवायचे, असे वचन यादवरावांनी पत्नीकडून घेतले होते.

वहिनींना एकच धास्ती होती. "भाऊ, त्यांना तरास नाय ना व्हायचा? एकदा जाताना पाहिलंय मी त्यांना."

मी खात्री दिली. मूळ यंत्राला हात लावण्यापूर्वी सुट्या भागावर चाचणी घ्यावी, ही माझी कायमची पद्धत. मी प्रती काढल्या, घरच्या संगणकावर एकेक चालवली, प्रत्येकीला "काही होणार नाही" असे सांगितले आणि बंद केली. अशा सात चाचण्या घेतल्या. आवाज एकदाही अडखळला नाही. दोन्ही यंत्रांमध्ये ना तार होती, ना इंटरनेट.

सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही पंपघरात जमलो. ओल्या मातीचा आणि फवारणीच्या औषधाचा वास होता.

"कुंदन, शर्ट आत खोच," यादवराव म्हणाले. "बाप चाललाय, ट्रॅक्टर नाय."

कुंदन हसला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मी म्हणालो, "यादवराव, काही होणार नाही."

"दर वेळी हेच सांगता, भाऊ. सात वेळा ऐकलं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी चाचण्यांबद्दल सांगितले. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते.

"त्या सातांना ठाऊक होतं का, आपण चाचणी हाय म्हणून?" वहिनींनी विचारले.

"नव्हते."

त्यांनी संगणकावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मान हलवली.

मी बंद केले. अकरा वाजून वीस मिनिटे.

दहाव्या दिवशी त्यांनी रामकुंडावर विधी मांडला. एकाच माणसाचा दहावा दुसऱ्यांदा कसा, असे गुरुजींनी विचारले. वहिनींनी फक्त पिंडांची संख्या सांगितली: नऊ.

मी हळूच दुरुस्ती केली. सात चाचण्या आणि मूळ, मिळून आठ.

"नऊच," त्या म्हणाल्या.

कावळे उतरले. आठ पिंडांना चोच लागली.

नवव्यापर्यंत ते येत आणि मागे फिरत.

मळा सांभाळीन, असे कुंदनने हात जोडून सांगितले. कावळे हलले नाहीत. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. वहिनींनी त्यांना थांबवले.

"भाऊंना सांगू द्या."

मी हात जोडले, एवढेच. प्रती मी आठ काढल्या होत्या. एक राखीव ठेवायची, हीही माझी पद्धतच. ती माझ्या कपाटात आहे, हे मी कोणालाही सांगितले नव्हते.

ती मी अद्याप एकदाही चालू केलेली नाही.