बिघडलेला नमुना

जगभरची वाद्यं एका छताखाली आणायची कल्पना ज्याला सुचली, तो माणूस केव्हाच निवृत्त होऊन सुखात होता. निस्तरणं सूचीकाराच्या वाट्याला आलं होतं. संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या दालनात दोनशे बारा काचपेट्या होत्या आणि प्रत्येक पेटीखाली एक बटण. बटण दाबलं की त्या वाद्याचा आवाज ऐकू यायचा. नियम सूचीकारानं स्वतःच केला होता : आवाजाचा स्वच्छ नमुना नाही, तर माहितीची पाटी नाही; आणि पाटी नाही, तर वाद्य पेटीत नाही. आपल्या हातानं खड्डा खणून त्याला कठडा न बांधण्याची ही त्याची जुनी खोड.

दोनशे अकरा वाद्यं निमूट वाजली होती. वाळवीनं आतून पोखरलेल्या खोडाचा पुरुषभर लांब भोंगा, काखेत पिशवी दाबून वाजवायचा बॅगपाइप, अंगठ्यांनी छेडायच्या लोखंडी पट्ट्या, सगळी आपापल्या खान्यात जाऊन बसली होती. तार असेल तर तंतुवाद्य, फुंक असेल तर सुषिर, कातडं असेल तर अवनद्ध, अंगच वाजत असेल तर घन. हवेत नुसती बोटं हलवली की किंचाळणाऱ्या विजेच्या खोक्यासाठी पाचवा खाना काढावा लागला होता, आणि ते अजून त्याच्या मनाला लागून होतं.

दोनशे बारावं वाद्य दुधी भोपळ्याएवढं होतं. काळसर लाकूड, आत पोकळ. तार नाही, भोक नाही, कातडं नाही. ठोकलं तर पिठाच्या पोत्यावर मारल्यासारखं वाटायचं. फक्त एका बाजूला, वापरून वापरून गुळगुळीत झालेला, अंगठा बसेल एवढा खळगा. देणगीदाराच्या यादीत त्याच्यापुढे दोनच शब्द होते : 'वाद्य. वाजतं.'

देणगीदार हयात नव्हते. सूचीकारानं त्यांच्या पत्नीला फोन केला.

"हे वाजवतात कसं, काही सांगू शकाल?"

"ह्यांनी एकदाच वाजवलं होतं. अंगठा ठेवून," बाई म्हणाल्या. "त्यानंतर आमचा कुत्रा कधी भुंकला नाही हो. चांगला जगला मात्र. नऊ वर्षं."

कुत्र्याची माहिती यादीत कुठल्या रकान्यात घालायची हे न कळून सूचीकारानं आभार मानले.

सोमवारी सकाळी त्यानं खळग्यात अंगठा ठेवला आणि रेकॉर्डर सुरू केला. सुई हलली! त्यानं उत्साहानं नमुना ऐकला. टिक, टिक, टिक. भिंतीवरचं घड्याळ. नमुना बिघडला. चिडून त्यानं वर पाहिलं. लंबक हलत होता, काटे पुढे जात होते, पण टिकटिक ऐकू येत नव्हती. कानात मळ साचला असेल, असं म्हणून त्यानं दुपारी कान साफ करून घेतले. डॉक्टर म्हणाला, कान लहान मुलासारखे आहेत.

मंगळवारी शेजारच्या पेट्यांचं काम करणाऱ्या सुतारमिस्त्रीची ठाकठूक नमुन्यात शिरली.

"मिस्त्री, दहा मिनिटं थांबाल का हो? माझी नोकरी जाईल इथं!"

मिस्त्री हातोड्याकडे बघत उभे होते. त्यांनी एक खिळा मारला. खिळा लाकडात गेला. आवाज झाला नाही. दुसरा मारला. तोही गेला, मुकाट्यानं.

"सासऱ्यानं दिलेला हातोडा आहे," मिस्त्री हळूच म्हणाले, आणि हत्यारं गोळा करून निघून गेले. अर्धवट पेटी तशीच राहिली. सूचीकाराला राग आला तो अर्धवट पेटीचा.

संचालकबाई बुधवारी येऊन गेल्या. "शनिवारी उद्घाटन. एक पेटी रिकामी दिसली, तर सोमवारपासून तुम्ही तळघरात, जुन्या पावत्यांच्या विभागात."

"मॅडम, वाद्य वाजतंय. आजूबाजूचंच मध्ये येतंय."

"मग शांत जागा शोधा की!"

शांत जागा म्हणून सूचीकारानं शुक्रवारी दुपारी ते वाद्य पिशवीत घालून घरी आणलं. हीच त्याची चूक, असं पुढे कोणी म्हणालं असतं. पण घरात माणसं दोनच, आणि त्यातलं एक तो स्वतः होता.

दुसरं माणूस बोलायचं. सत्तावीस वर्षं बायकोच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "अहो, ऐकलं का?" अशी व्हायची, आणि सत्तावीस वर्षं तो "हं" म्हणायचा.

"अख्ख्या जगाची पिपाणी ऐकता," ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "घरातल्या माणसाचं ऐकायला कान भाड्यानं आणायचे का मी?"

"दोन मिनिटं गप्प बस. फक्त दोन मिनिटं."

त्यानं रेकॉर्डर लावला. अंगठा खळग्यात टेकवला. लाकूड किंचित कोमट लागलं. सुई स्थिर होती. मग मागून आवाज आला :

"अहो, ऐकलं का?"

सुई ताडकन उजवीकडे गेली.

"बिघडवलास ना!" अंगठा काढून तो ओरडला. "चार दिवस झाले मी..."

ती काहीच म्हणाली नाही. रुसली, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. अर्धा तास त्या शांततेत तो पुन्हा पुन्हा अंगठा टेकवत राहिला. सुई हलली नाही.

मग त्यानं मान वळवली.

बायको ओट्याला टेकून उभी होती. एक हात गळ्यावर. तोंड उघडत होतं, मिटत होतं. तिनं ताट जमिनीवर आपटलं. ताट खणखणलं. तिचं तोंड हललं. खोलीत फक्त ताट घुमत राहिलं.

डॉक्टरांनी घसा पाहिला. घसा उत्तम होता.

शनिवारी उद्घाटन झालं. संचालकबाईंनी तोच नमुना बसवायला लावला. पाहुण्यांनी दोनशे बारा नंबरचं बटण दाबलं, पेटीतून "अहो, ऐकलं का?" आलं, आणि लोक पोट धरून हसले. बाईंनी सूचीकाराची पाठ थोपटली. इतकी गर्दी दुसऱ्या कुठल्याच पेटीपुढे नव्हती.

सोमवारी दालन बंद असतं. सूचीकारानं किल्ली लावून पेटी उघडली. वाद्य दोन्ही हातांत धरलं. हलवलं. ठोकलं. खळग्यात अंगठा रुतेपर्यंत दाबला, मग काढला.

"परत दे तिचा आवाज," तो म्हणाला.

काही नाही.

त्याचा संयम सुटला. सत्तावीस वर्षांचं सगळं एकदम वर आलं. खळग्यात पुन्हा अंगठा दाबून तो जिवाच्या आकांतानं ओरडला :

"ऐकलं! ऐकलं गं, सगळं ऐकलं मी!"

शेवटचा शब्द त्याला स्वतःला ऐकू आला नाही.

मंगळवारी दालन उघडलं तेव्हा नवरा-बायको दोनशे बारा नंबरच्या पेटीपुढे उभे होते. हातात हात, ओठ मिटलेले. बटणाला कोणी हात लावला नव्हता.

"अहो, ऐकलं का?" पेटीतून आवाज आला.

"ऐकलं गं," पेटीच म्हणाली. "बोल."

आणि मग आतले दोघं निवांत बोलत बसले.