सबांगचे भोंगे

दुपारी चार वाजता धरणाचे दरवाजे उघडले, आणि नगरपालिकेच्या आपत्ती कक्षात जोवेलिनच्या लक्षात आलं की नदीकाठचे भोंगे वाजवण्याचा अधिकार कुणाकडेच नाही.

भोंगे संगणकावरच्या प्रणालीतून वाजत. तिचा अ‍ॅडमिन एकटा नेस्तोर. तो ईस्टरच्या आधी वारला. नऊ दिवसांच्या प्रार्थना आटोपल्यावर जोवेलिननेच हळहळत त्याचं खातं काढून टाकलं. त्याच्यामागे दुसरं कुणी नेमलेलं नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. फोन सकाळपासून बंद. तासाभराच्या वाटेवर सबांग वस्ती, दीडशे घरं. त्यांतलं एक तिच्या आईचं.

"नवा अ‍ॅडमिन थेट सर्व्हरवर आज्ञा देऊन करता येतो," ती म्हणाली.

"मग कर की. पाद्री बोलावू का पाणी शिंपडायला?" तिचा सहकारी रोडेल दारातून म्हणाला.

स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत तिने आज्ञा दिली. नाव दिलं. पासवर्ड टाइप करताना तिथे काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. तिने लहानपणीच्या बोक्याचं नाव टाकलं, पुढे चार आकडे.

पासवर्ड पुन्हा टाका, अशी ओळ आली.

बोटं घामाने घसरत होती. पुसायला तिने हात उचलले.

कीबोर्डच्या कळा वाजल्या. सावकाश, दोनच बोटांनी टाइप करणाऱ्या माणसासारख्या. मग एंटर.

खातं तयार झालं.

खोलीत मेंथॉलच्या तेलाचा वास होता. नेस्तोर ते मानेला चोळायचा.

"रोडेल?"

"मी इथेच आहे," तो दारातूनच म्हणाला.

तिने बोक्याचं नाव आणि आकडे टाकले. खातं उघडलं. भोंगे वाजले.

पाचच मिनिटांत कक्षासमोरच्या शाळेच्या आवारात सबांगची माणसं शिरू लागली. चटया, कोंबडे, भाताची पातेली. त्यांत तिची आई.

"भोंगा ऐकून इतक्यात पोचलात, नानाय?"

"भोंगा आत्ता वाजला. आम्ही तीनच्या प्रार्थनेला बसलो होतो, तेव्हाच तुमचा नेस्तोर दार ठोठावून गेला. घरोघरी."

"तीनला धरणाचे दरवाजे उघडलेच नव्हते. आणि नानाय, नेस्तोरच्या मातीला तुम्ही आला होतात."

"ते मला शिकवू नकोस. दारात आलेला जिवंत माणूस 'माणूस आलाय हो' अशी हाक देतो. याने दिली नाही. म्हणून तर कुणी वाद न घालता निघालो."

साडेपाचला सबांग पाण्याखाली गेलं. माणूस एकही गेला नाही.

पासवर्ड दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल तर तो बदला, असा वरून आदेश आला आहे. जोवेलिनने तो अजून बदललेला नाही.