अनुराधाचे एक्केचाळीस श्रोते

जवळ सरकून बसा. अक्षदा, दार लोटून घे, बोचरं वारं येतंय. ही गोष्ट ऐकीव नाही. रेल्वे कारखान्यात माझ्या हाताखाली असलेल्या मिलिंदच्या बायकोची आहे, अनुराधाची.

दोन हजार पंचवीस साल, नऊ जानेवारी, गुरुवार. दुपारी अनुराधा बड्या बाजारात दिवा आणायला गेली होती. तो गोल दिवा असतो ना, मधे मोबाईल अडकवायचा, तो. दुकानदाराने विचारलं, "दीदी, मेकअप का चॅनल है?"

"नहीं भैया, कहानियों का. मराठी में."

"मराठी में?" एवढंच म्हणून त्याने दिवा बांधून दिला. पण ते दोन शब्द तिच्या डोक्यात घरापर्यंत तडतडत राहिले.

अनुराधा मूळची जळगावची. लग्न करून झाशीला आली. मुलगी मृदुला आठ वर्षांची. आईचं मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. रेल्वे कॉलनीतल्या, जवळच्या बबीना छावणीतल्या सगळ्याच मराठी पोरांचं तसं. म्हणून बाईने शिकवण्या सोडल्या आणि लहान मुलांना मराठी गोष्टी सांगायचं चॅनल काढलं.

सात महिने झाले. सबस्क्रायबर त्रेसष्ट. त्यातले निम्मे नातेवाईक, बटण दाबून जे गेले ते गेले. नणंद म्हणाली गाणी घाल, गाणी घातली. कोणी म्हणालं लहान व्हिडिओ कर, भडक चित्रं लाव, रोज एकाच वेळी ये. सगळं केलं. तिकडे एक पोरगा पंख्याखाली बसून नूडल्स खातो, त्याला दोन लाख लोक बघतात. हिच्या बेडकाच्या गोष्टीला अकरा. त्यात सहा वेळा ती स्वतःच!

मिलिंद वैतागून म्हणाला, "अनू, हिंदीत कर. इथे मराठी ऐकणार कोण? संक्रांतीपर्यंत बघ, नाहीतर शिकवण्या सुरू कर परत."

म्हणजे पाच दिवस उरले होते.

क्वार्टरमध्ये गाड्यांचा खडखडाट, शेजारचा टीव्ही. म्हणून ओरछा गेटजवळच्या गल्लीत तिने एक खोली मागून घेतली होती. श्रीकृष्णजी म्हणून इथले जुने मराठी गृहस्थ, मुलाकडे ग्वाल्हेरला गेलेले. त्यांच्या घराची वरची लांबलचक खोली. खाली मुकेश टेलर. जिना एकच, त्याच्या दुकानाच्या दारावरूनच चढायचा.

बरोबर सात वाजता ती थेट प्रक्षेपणावर आली. सर्दी झालेल्या चांदोबाची गोष्ट, तिची स्वतः रचलेली. बघणारे... शून्य. पाच मिनिटांनी एक. तो मिलिंद, कारखान्यातून. दहा मिनिटांनी तोही गेला. पुन्हा शून्य.

तिचा बांध फुटला. वही टेबलावर आपटली आणि रिकाम्या पडद्याकडे बघून ओरडली, "अरे, कोणी आहे की नाही ऐकणारं? या ना! कुठूनही या, कोणीही या, पण या!"

डोळे पुसून बघते तर... चार.

मग सतरा. मग एक्केचाळीस.

ना कोणाचा शब्द, ना कोणाचं नाव. पण एक्केचाळीस! तिने गोष्ट पहिल्यापासून धरली. चांदोबाच्या शिंका काढल्या, ढगांचे आवाज काढले. एकही जण हलला नाही. तेव्हा तिला मिलिंदचं बोलणं आठवलं. आणखी येतील, म्हणून ती मधेच हिंदीत वळली. "तो बच्चों, चंदामामा ने कहा..."

शून्य.

एका क्षणात. जणू सगळ्यांनी मिळून पाठ फिरवली.

घाबरून ती मराठीवर आली. "मग चांदोबा म्हणाला..." एक्केचाळीस.

तेवढ्यात वीज गेली. दिवा विझला. गल्लीत काळोख. राहिला फक्त मोबाईलचा उजेड, तिच्या तोंडावर. तिने बघितलं, वर नेटवर्कची एकही रेघ नव्हती. चित्र गोठलेलं होतं.

आकडा मात्र तसाच.

म्हणजे ते तिला बघत होते... कुठून?

ती गप्प झाली. खिडकी बंद, तरी पायांना गार लागायला लागलं. जमिनीवरून. समोरून.

आणि त्या काळोखातून कोणीतरी हुंकार दिला.

"हं..."

ओळखीचा असतो ना तो हुंकार? गोष्ट थांबली की ऐकणारा देतो. पुढे सांग, म्हणून. मग डावीकडून एक. मग अगदी जवळून, बारीक... पोराचा.

"काका, मग ती पळाली?"

नाही रे, ऋषिकेश. पाय उचलतच नव्हते तिचे. आणि तिला वाटलं, अर्धी गोष्ट टाकून उठलो तर हे मागे येतील. म्हणून सांगत राहिली. दर वाक्याला हुंकार. दर वाक्याला. चांदोबा बरा झाला. आईच्या कुशीत झोपला. "संपली गोष्ट," ती म्हणाली.



मग हुंकार थांबले.

ती भिंत चाचपत जिना उतरली. मुकेश मेणबत्ती लावून काज करत बसला होता.

"आज तो बड़ी भीड़ थी, दीदी."

"कैसी भीड़?"

"आपके यहाँ. लाइट जाने से पहले. चप्पलें बजती रहीं जीने पर, हमने सिर नहीं उठाया, काम था." सुई थांबवून त्याने जिन्याकडे पाहिलं. "चढ़ते तो सुने. उतरा कोई नहीं."

चॅनल तिने त्याच रात्री बंद केलं. मिलिंद चिडला. म्हणाला, मुकेश दारू प्यायला असेल, तुला झोप नसेल. दिवा आणि वही आणायला सकाळी तिला घेऊन स्वतः गेला. दार उघडलं. खिडकी ढकलली. ऊन आत आलं.

अनुराधाने घ्यायच्या आधी खोली नऊ वर्षं बंद होती. अनुराधाने टेबलापासून दारापर्यंतची वाटच तेवढी झाडली होती. बाकी सगळीकडे बोटभर धूळ.

त्या धुळीत, भिंतीपर्यंत, ओळीने, मांडी घालून बसल्याच्या खुणा होत्या. जागा स्वच्छ, कडेला धूळ सरकलेली. मिलिंद मोजायला लागला. चौतीसपर्यंत गेला आणि थांबला.

टेबलाच्या अगदी पुढ्यात एक खूण लहान होती. ताटलीएवढी.

त्या खुणांपाशी येणाऱ्या पावलांचा ठसा... एकही नव्हता.