एकोणपन्नास पुंगळ्या

शनिवारी सकाळी नऊला मी मनोहरच्या गराजमध्ये जायचो. अमेरिकेत, अल्फारेटात आमची घरं एकाच रस्त्यावर होती, मधे फक्त चार मेलबॉक्स. तो भूल देणारा डॉक्टर; निवृत्त झाल्यावर रायफलने नेमबाजी शिकला. मी बेअरिंगच्या कारखान्यात पस्तीस वर्षं धातू तपासलेला माणूस. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकायची नसते. साफ करून, दारू आणि नवी गोळी भरून ती पाच-सहा वेळा वापरता येते. मग पितळ थकतं आणि त्याला तडा जातो.

तडा शोधणं माझं काम. आधी पुंगळी उजेडात धरून मानेवर उभी रेघ आहे का ते बघायचं. मग बुडाच्या जरा वर चकचकीत कडं उमटलंय का ते. तिथे पितळ आतून पातळ झालेलं असतं. टोक वाकवलेली तार आत घालून भिंत चाचपायची. खाच असेल तर तार अडकते. शेवटी तीन-चार पुंगळ्या मुठीत घेऊन खुळखुळवायच्या. चांगल्या किणकिणतात. एखादी तडकलेली असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो.

"माझे कान गेलेत," मनोहर म्हणायचा. "तू ऐक, नरेंद्र. तू ओके म्हटलंस की मी भरतो."

२००५ सालचं लक्ष्मीपूजन मंगळवारी होतं. त्याआधीच्या शनिवारी मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला टेबलं पोचवायची होती आणि माझ्या बायकोचे, शोभनाचे, दोन फोन येऊन गेले होते. पन्नास पुंगळ्यांतली शेवटची मूठ उरली होती. मी ती खुळखुळवली. आवाज बद्द आला. कोणती ते एकेक करून बघायला हवं होतं, आणि त्या मुठीत मी तारही घातली नव्हती. दुसऱ्या हातात गाडीची किल्ली होती.

"ओके?" मनोहरने विचारलं.

"ओके," मी म्हणालो.

रविवारी नेमबाजीच्या रेंजवर त्याच्या एकोणपन्नास गोळ्या नीट सुटल्या. पन्नासावीची पुंगळी बुडापाशी फाटली. पितळेचा तुकडा चष्म्याच्या कडेने डोळ्यातून आत गेला आणि मनोहर जागच्या जागी गेला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी आम्ही त्याला अग्नी दिला.

"कुणाचा दोष नाही यात," मालिनीवहिनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या. नवऱ्याचा मित्र म्हणून मला तर त्यांनी हात धरून सांगितलं. मी मान हलवली.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. "भावजी, गराज क्लिअर करायचंय. ते सामान तुम्ही घेऊन जाल का? मला त्यातलं काही कळत नाही."

फळीवर तो डबा होता. फाटलेली पुंगळी पोलिसांनी ठेवून घेतली होती. बाकीच्या एकोणपन्नास परत दिल्या होत्या. सवयीने मी चार उचलल्या आणि खुळखुळवल्या.

बद्द.

मी त्या एकेक करून तपासल्या. रेघ नाही, कडं नाही, तार कुठे अडकेना. दुसऱ्या चार घेतल्या. तसाच आवाज. डबा घरी आणला आणि त्यातली एक पुंगळी करवतीने उभी चिरली. आतली भिंत एकसारखी होती. पितळ निरोगी होतं.

मग दर शनिवारी सकाळी मी पुंगळ्या कापत बसलो. शोभनाला सांगितलं, भंगारात द्यायच्यात. कानांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. कान उत्तम आहेत म्हणाले. नव्या, न वापरलेल्या पुंगळ्या आणून वाजवल्या. त्या किणकिणल्या. मनोहरच्या मात्र, उरलेल्या कोणत्याही घेतल्या तरी, आवाज तोच.

मे महिन्यापर्यंत सत्तेचाळीस कापून झाल्या. एकीतही तडा नव्हता. राहिलेल्या दोन खिशात टाकून मी वहिनींकडे गेलो.

त्या ओट्याशी कोथिंबीर निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टेबलं, किल्ली, आवाज. मी ओके म्हणालो, हेही.

त्यांनी नळ सोडला, हात धुतले, पुसले.

"तुम्हाला ऐकू आलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि इतके दिवस माझ्याकडे चहा पीत बसायचात."

मी खिशातून दोन्ही पुंगळ्या काढल्या आणि यांचाही तोच आवाज येतो म्हणालो. मग त्यांनी हात पुढे केला.

"मला ऐकवा."

मी दोन्ही पुंगळ्या मुठीत घेऊन त्यांच्या कानाजवळ हलवल्या. मला तोच आवाज आला. वहिनींचा चेहरा आधी आक्रसला, मग हळूहळू सैल पडला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा हलवल्या.

"भावजी, तुम्हाला हा बद्द वाटतो?"

"मग काय आहे?"

"हे बोलतायत."

"काय बोलतायत?"

त्यांनी माझी मूठ उघडली आणि पुंगळ्या काढून घेतल्या. "ते माझ्याशी आहे," म्हणाल्या आणि दार उघडून धरलं.

त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत. मंडळात दिसल्या तर शोभनाशी बोलतात, माझ्याकडे बघत नाहीत. मी ते स्वीकारलंय. पुंगळ्या मी पुन्हा मागितल्या नाहीत, आणि रायफलच्या रेंजवर पाय ठेवला नाही.

याला दोन वर्षं झाली. मागच्या शनिवारी सकाळी फोन वाजला. वहिनींचा होता. आवाज मोकळा, जुन्या दिवसांसारखा. मागे पितळ हलकेच वाजत होतं.

"रागावले होते मी," त्या म्हणाल्या. "ह्यांनीच समजावलं. सकाळपासून विचारतायत, नरेंद्र कधी येतोय."

"मी म्हटलं, येतील," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणाले, शोभनाला आधी विचार, तिला एकटं राहायला जमेल ना."