पूर्णविरामानंतर दोनदा

टायपिंग शिकवण्यात ज्या माणसाची उभी हयात गेली, त्याच्या मुलीला बोटांकडे बघितल्याशिवाय एक ओळ टाइप करता येत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मास्तरांनी शेकडो मुलांच्या हातांवर रुमाल टाकून त्यांना न बघता टाइप करायला शिकवलं, पण घरच्या मुलीपुढे त्यांनी हात टेकले. "मान वर, नजर कागदावर," ते ओरडायचे, आणि तिची मान पुन्हा खाली जायची, मासा शोधणाऱ्या बगळ्यासारखी. म्हणून ते तिला बगळी म्हणू लागले आणि नातेवाइकांतही तेच नाव पडलं.

आता बगळी चाळिशीला टेकली होती. एका संध्याकाळी शेजारच्या मावशींना तासभर मास्तरांपाशी बसवून ती कीबोर्ड घ्यायला बाहेर पडली. आठ महिन्यांपूर्वी मास्तरांना झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. आणि तेव्हापासून त्यांना रात्रीचा उजेड सोसेनासा झाला. दिवा लावला की ते घशातून घरघर काढायचे आणि डोळे कपाटाशेजारच्या कोपऱ्याकडे वळवायचे. दिवा मालवला की शांत व्हायचे. मेंदूला मार बसला की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. परगावी असलेला दादाही तेच म्हणाला. फोनवरून काळजी करण्यात दादाचा हात धरणारं कोणी नव्हतं.

बगळीचं काम नेमकं रात्रीचं. हॉस्पिटलातले डॉक्टर दिवसभर पेशंट तपासून फोनमध्ये जे बोलून ठेवायचे, ते हेडफोन लावून ऐकायचं आणि सकाळी सातच्या आत टाइप करून पाठवायचं. मास्तरांना एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून तिने टेबल त्यांच्याच खोलीत पलंगाच्या पायथ्याशी लावलं होतं, मान वर केली की ते दिसावेत असं. लॅपटॉपचा पडदा अगदी मंद करून ती अंधारात चाचपडत टाइप करायची. गेल्या महिन्यात एका औषधाचे दहा मिलिग्रॅम तिच्या हातून शंभर झाले. सुपरवायझर बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं की अजून एक चूक झाली तर त्यांना दुसरं कोणीतरी बघावं लागेल. बगळीला तो शांतपणाच जास्त लागला.

दुकानदार म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून टेबलावर चष्मा शोधणाऱ्यांपैकी होता. अंधारात बघितल्याशिवाय कीबोर्ड घेणार नाही, असं तिने सांगितल्यावर त्याने हसत शटर खाली ओढलं आणि ट्यूब बंद केली. पहिल्या कीबोर्डवर सात रंग इकडून तिकडे धावायला लागले. ही सर्कस नको, ती म्हणाली. दुसऱ्याचा उजेड पांढरा, डोळ्यांत घुसणारा. शिवाय तो बटणांच्या फटींतून यायचा आणि अक्षरं काळीच राहायची. तिसरा त्याने खोक्यातून काढला तेव्हा तिने तो ओढून आपल्यापुढे घेतला. मधाच्या रंगाचा उजेड, तोही फक्त बटणांवरच्या इंग्रजी-मराठी अक्षरांतून. एरवी अक्षरं जेमतेम दिसायची, जे बटण दाबावं तेवढंच उजळायचं आणि हळूहळू विझायचं. बटणांचा आवाज नाही. कडेला उजेड कमीजास्त करायचं एक बारीक चाक होतं.

"उजेडाचा त्रास कोणाला होतो?" दुकानदाराने विचारलं.

"वडिलांना."

"मग हे चाक पहिल्या खुणेवरच ठेवा. तुमच्या बोटांपलीकडे उजेड जाणार नाही." त्याने चाक फिरवून दाखवलं. "आपले हात दिसले की पुरतं, ताई. बाकीचं दिसून करायचंय काय?"

त्या रात्री मास्तरांनी एकदाही घरघर केली नाही, आणि बगळीचा जीव भांड्यात पडला. कानात कुठल्यातरी डॉक्टरांचा झोपाळू आवाज, खिडकीबाहेर निजलेली गल्ली आणि बोटांखाली उमलून मिटणारी अक्षरं. तिला वाटायचं, आपण पाण्यावर बसून टाइप करतोय आणि खाली तळाशी कोणीतरी दिवे लावतंय. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून तिचं बोट पोहोचायच्या जरा आधीच बटण उजळू लागलं. ती अर्धवट गुंगीत त्या उजेडामागून बोटं नेत राहिली. उशिरा का होईना, आपल्या हाताला वळण लागलं, असं तिला वाटलं. आठवडाभरात एकही चूक झाली नाही. सुपरवायझर बाईंनी चक्क कौतुक केलं.

मग एका रात्री ती पाणी प्यायला थांबली. दोन्ही हातांत पेला होता, आणि कीबोर्डवर ब उजळला. मग ग. मग ळ, आणि वेलांटी.

तिने पेला खाली ठेवला. पूर्णविराम उजळला. मग खालची लांब पट्टी, स्पेसची, एकदा, आणि सावकाश पुन्हा एकदा.

वाक्य संपलं की दोनदा स्पेस, हा मास्तरांचा कायदा होता. आता अशी पद्धत राहिली नाही, असं मुलं सांगायची, तर ते म्हणायचे, पद्धत गेली खड्ड्यात, वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नको का? एकदाच स्पेस देणाऱ्याच्या बोटांवर पट्टी बसायची. बगळीच्या बोटांवर तर कितीदा बसली होती.

तिने हेडफोन काढला. पलंगावरून बारीक आवाज येत होता. मास्तरांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलत होती. एक टिचकी, की इकडे एक अक्षर. बगळी तोंडावर हात दाबून रडली. आठ महिने ती या माणसाला भरवत होती, पुसत होती, कुशीवर वळवत होती, आणि त्याच्याशी एका शब्दानेही बोलता येत नव्हतं. आता तो तिला हाक मारत होता. हे कसं होतंय, हे विचारायची तिला गरजच वाटली नाही. तिला फक्त ते थांबायला नको होतं.

त्यानंतरच्या रात्री सुखाच्या गेल्या. ती कुजबुजत विचारायची आणि तिच्या हातांखाली उत्तर उजळायचं. पाठ दुखते का? डावीकडे थोडी. दादाला बोलावू का? तो आला तर माझ्यापेक्षा त्याचीच सेवा करावी लागेल. अंधारात एकटीच हसायची बगळी. प्रत्येक वाक्यानंतर ती लांब पट्टी दोनदा उजळायची, आणि तेवढ्यात तिचाही श्वास घेऊन व्हायचा.

एकदा तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला दिवा का नको असतो?"

मग एकेक अक्षर आलं. दिवा लागला की त्याला मी दिसतो.

"कोणाला?"

चादरीवरची बोटं थांबली होती. कपाटाच्या बाजूने पोपडे धरलेल्या ओल्या भिंतीसारखा वास येत होता. त्या कोपऱ्यात ओल कधीच नव्हती, हे तिला माहीत होतं. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

आणि तरीही चूक तिच्याच हातून झाली. झाली ती मायेपोटी. रोज अक्षरं दिसत होती, बोलणारा दिसत नव्हता. बोलताना त्यांचा चेहरा कसा होत असेल, ओठ हलत असतील का, हे एकदा, एकदाच तिला बघायचं होतं. ते काहीतरी जुनं सांगत होते, तिच्या आईला त्यांनी पहिलं पत्र हाताने न लिहिता टाइप करून पाठवलं होतं आणि ती कशी रागावली होती ते. बगळीने हसतहसत चाक शेवटच्या खुणेपर्यंत फिरवलं.

सगळी बटणं एकदम पेटली. मधाचा उजेड टेबलावरून सांडून पलंगावर चढला, चादरीवर, मास्तरांच्या हातावर. बोटं जागच्या जागी गोठली होती.

मग बटणं विझली आणि एकेक अक्षर घाईघाईने उजळू लागलं. म. काना. न. मान खाली ठेव.

जन्मभर ज्या माणसाने मान वर, मान वर म्हणून जीव खाल्ला, तो सांगत होता... मान खाली ठेव. तिने हनुवटी छातीला टेकवली. न बघता चाक मागे फिरवलं, पण ते कुठे थांबलं हे तिला कळलं नाही.

कपाटाचं दार कुरकुरलं. फरशीवरून ओलं पोतं ओढल्यासारखं काहीतरी सरकलं. ते टेबलाच्या बाजूने गेलं तेव्हा तिच्या उघड्या कोपराला गारवा लागला. ओलीचा वास इतका दाटला की तिने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली. तिच्या समोर, दोन हातांवर, पलंग करकरला. कोणीतरी कडेला बसावं तसा.

"बाबा..." ती पुटपुटली.

मान खाली ठेव. बगळी. मान खाली. प्रत्येक वेळी पट्टी दोनदा उजळत होती, पण दर वेळी मंद. शेवटी एकच अक्षर आलं, ब, आणि ते अर्ध्यातच विझलं.

नंतर नुसती शांतता. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. मग कीबोर्ड पुन्हा उजळला, छान, एका लयीत.

तो गेला. आता मान वर कर.

बगळीची मान अर्धी वर आलीच होती. हायसं वाटून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ती बगळीच, तिची नजर बटणांवरून सुटता सुटत नव्हती, म्हणूनच तिला दिसलं. 'गेला' नंतर पूर्णविराम उजळला होता, आणि पट्टी एकदाच.

तिने डोळे मिटले आणि कपाळ बटणांवर टेकवलं. समोरून चादरीवर टिचक्या वाजत राहिल्या. ती फटफटीत उजाडेपर्यंत हलली नाही.

उजाडल्यावर पलंगावरून आवाज आला. "बगळी, काय गं, अशी झोपलीस?"

मास्तर बोलले होते. थोडं जड, पण स्वच्छ. पडदा सार म्हणाले, ऊन येऊ दे. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि असं क्वचित होतं म्हणाले. दादा रातोरात आला, गळ्यात पडून रडला, आणि तीन दिवस बहिणीकडून सेवा करून घेऊन गेला. मास्तर उशीला टेकून बसू लागले, मावशींची थट्टा करू लागले. संध्याकाळ झाली की तेच सांगायचे, दिवा लाव, अंधारात जीव घुसमटतो.

देवाकडे मागितलं होतं ते बगळीला मिळालं होतं. ती सगळ्यांसमोर हसत होती. आठव्या दिवशी तिने कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, दोन वाक्यं टाइप करा ना. मला बघायचंय."

त्यांनी डाव्या हाताने टाइप केलं, मान वर ठेवून, न बघता, एकही चूक न करता. मी बरा आहे. आता तू झोप. मधल्या पूर्णविरामानंतर त्यांचा अंगठा पट्टीवर एकदाच पडला.

"छान," बगळी म्हणाली. तिने कीबोर्ड उचलला, वायर गुंडाळली, आणि तो कपाटात खालच्या खणात ठेवून दार लावलं. मास्तर मायेने तिच्याकडे बघत होते.

आता ती बाहेरच्या खोलीत टाइप करते आणि तिथेच झोपते. आतला दिवा रात्रभर चालू असतो, मास्तरांना तो लागतोच. कधीतरी मात्र ते स्वतःच, का ते न सांगता, म्हणतात, आज दिवा नको. त्या रात्री ती उंबरठ्यावर उभी राहते आणि मान खाली घालून कपाटाच्या दाराखालच्या फटीकडे बघते. तिथे मधाच्या रंगाची एक लांब रेघ, स्पेसच्या पट्टीएवढी, उजळते आणि विझते. बगळी श्वास धरून थांबते, आणि ती पुन्हा एकदा उजळते.