चूलबंद आमंत्रण

वैशाखातल्या भर दुपारी अक्षतांची वाटी हातात धरून मी एका परक्या दारात उभी होते, आणि दारातला माणूस माझ्याकडे बघून हसत होता. हसण्यासारखं काय आहे ते मला कळेना. कपाळावर घाम, नाकाच्या शेंड्याला कुंकू, खांद्यावरून घसरणारा पदर... असेल, त्यातलंच काहीतरी असेल. पण म्हणून माणसानं इतकं हसायचं?

सांगते नीट. माझी मामेबहीण प्रेमलता हिचं लग्न होतं. मामा म्हणजे गंगाराम राऊत. वसईत किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांची केळीची नि पानवेलीची वाडी. मी उमेळ्याची. लग्नाच्या कामाला हात हवा म्हणून मामांनी मला आधीच बोलावून घेतलं होतं. यशोदामामी आणि मी सकाळपासून घरोघर अक्षता देत फिरत होतो. दुपारपर्यंत मामीची टाच बोलायला लागली. आळीतल्या डेल्फिनबाईंच्या ओट्यावर आमसुलाचं सरबत समोर आलं, तशी ती बसलीच. मला म्हणाली, एकच घर राहिलंय, तू जाऊन ये. विहिरीजवळचं, दारात चाफा असलेलं.

आता विहिरीच्या अलीकडेही चाफा आणि पलीकडेही चाफा, हे मला कोणी सांगायचं? लहानपणी आले होते त्यानंतर मी आत्ताच येत होते; एरवी मामाच उमेळ्याला येत. मी पलीकडच्या दारात गेले.

अंगणात बांबूचा मांडव घालून त्यावर सोललेली राजेळी केळी वाळत घातली होती. सुकेळी करायचं काम चाललं होतं. तो एकेक केळं उलटत होता, आणि त्याचे हात मनगटापर्यंत मधाळ, चिकट झाले होते. आई देवळात गेलीय, बाबा बाजारात, असं त्यानं सांगितलं.

"मग तुम्ही घ्या अक्षता," मी म्हणाले. "हात पुढे करा."

त्यानं दोन्ही पंजे पुढे करून दाखवले. "या हातांत घेतल्या तर लग्नापर्यंत सुटायच्या नाहीत. डोक्यावर टाका."

"डोक्यावर अक्षता नवऱ्यामुलाच्या पडतात."

"असू दे. सवय होईल."

मला असा राग आला... वाटीतल्या चिमूटभर अक्षता उचलल्या आणि जरा जोरातच त्याच्या डोक्यावर टाकल्या. मग मामीनं पढवलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं – प्रेमलताचं लग्न आहे, चूलबंद आमंत्रण आहे, घरातल्या लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही.

त्याचं हसू एकदम मावळलं.

"गंगारामकाकांकडचं? चूलबंद?" तो थांबला. "आम्हाला?"

"तुम्हालाच. ऐकू येतं ना?"

"येतं," तो हळूच म्हणाला. "येऊ आम्ही."

फाटकापाशी पोचल्यावर मी मागे वळून पाहिलं. का पाहिलं ते विचारू नका. तो तसाच उभा होता, चिकट हात अंगापासून लांब धरून, आणि कानावरच्या केसांत कुंकवाने माखलेले दोन तांदूळ अडकले होते.

डेल्फिनबाईंच्या ओट्यावर जाऊन मी मोठ्या ऐटीत सांगितलं, झालं काम. कुठलं घर ते ऐकल्यावर मामीच्या हातातला पेला तसाच राहिला. ते चुऱ्यांचं घर होतं. जगन्नाथ चुरींचं. आणि तो हसणारा म्हणजे त्यांचा मुलगा दिवाकर.

मामांचं आणि जगन्नाथकाकांचं भांडण पाण्यावरून. दोन्ही वाड्यांच्या बांधावर एकच विहीर, एकच रहाट. सकाळची पाळी आमची, दुपारनंतरची त्यांची. एका कडक उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, पाळी कोणी लांबवली त्यावरून बाचाबाची झाली, आणि मामांनी रागाच्या भरात त्यांचा रेडा रहाटावरून सोडून दिला. जगन्नाथकाका चारचौघांत म्हणाले, आजपासून तुझ्या घरच्या पाण्याचा घोट घेणार नाही. तेव्हापासून अबोला. अहो, पाणी एकाच विहिरीचं! पण हे त्या दोघांना कोण सांगणार?

मामांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. त्यानं उलट जास्त भीती वाटते. ते म्हणाले, तू दिलंस, तूच जाऊन सांग की चुकून झालं. मामी हळूच म्हणाली, दिलेल्या अक्षता परत घेत नाहीत. त्यावर मामा म्हणाले की अक्षता नका घेऊ परत, आमंत्रण घ्या. आणि जाता जाता मला आठवण करून दिली, लग्नात बोर्डीचे पाहुणे तुला बघायला येणार आहेत, तेव्हा यापुढे जरा डोकं ठिकाणावर ठेव.

वडील गेल्यापासून आमच्या घरात मामांचा शब्द शेवटचा. आई त्यांच्यापुढे बोलत नसे. बोर्डीचं स्थळ चांगलं होतं, असं सगळे म्हणत. मीही तोवर म्हणत होते.

दुपार कलल्यावर विहिरीवर गेले. पाळी बदलायची वेळ. दिवाकरनं रेड्याला रहाटाला जुंपलं होतं. गाडगी भरभरून वर येत होती, पाणी पन्हळीतून पाटात पडत होतं, आणि त्या आवाजात मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते.

"परत घ्यायला आलात?" तोच म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं? चूक आहे म्हणून?"

"तुम्ही तोंड उघडलंत तेव्हाच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

तो रेड्याच्या मानेवर हात फिरवत राहिला. "तुम्ही इतकं ठासून चूलबंद म्हणालात... मला वाटलं, असू दे. थोडा वेळ तरी खरं असू दे." मग म्हणाला, "आईनं देवळातून आल्यावर माझ्या डोक्यातून एकेक तांदूळ वेचून देव्हाऱ्यात ठेवलाय. यशोदाकाकू आणि ती एका वर्षात लग्न होऊन या आळीत आल्या. एका ताटात जेवायच्या. आई म्हणाली, यशोदेनं बोलावलं एकदाचं. आता जाऊन तिला सांगायचं असेल तर तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

माझं जुळवलेलं वाक्य पाटाच्या पाण्याबरोबर निघून गेलं.

त्यानं कनवटीला खोचलेलं एक सुकेळं काढलं, वाळलेल्या पानात गुंडाळून केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधलेलं, आणि काठावर माझ्याजवळ ठेवलं. "तुम्ही लहानपणी या रहाटाच्या गाडग्यात बाहुली बसवून खाली पाठवली होतीत. आठवतं?"

"ती वर आलीच नाही."

"आली होती. मी काढली. पण तुम्ही उमेळ्याला निघून गेला होतात."

इतका साधा माणूस, आणि इतकं सरळ बघत होता... मी सुकेळं उचललं आणि घरी आले. मामांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, सांगितलं नाही. सांगणारही नाही.

मामांनी पानाचा डबा मिटून बाजूला सारला. मग म्हणाले, "ठीक. आले तर त्यांच्या पानांवर तू एकटीनं वाढायचं. माझ्या घरातला दुसरा माणूस त्या ओळीत फिरकणार नाही. मीही नाही."

"चालेल," मी म्हणाले.

त्यानंतर पाळी बदलायच्या वेळी विहिरीवर माझं रोज काहीतरी काम निघू लागलं. कधी कळशी घासायला, कधी नुसतीच. तो विचारायचा, कळशी अजून निघाली नाही का स्वच्छ? मी म्हणायची, तुमच्या विहिरीचं पाणीच तसलं. आमची एकट्यांची नाही, तो म्हणायचा, आणि हे म्हणताना त्याचा आवाज खाली यायचा. एकदा मी त्याला बोर्डीच्या पाहुण्यांचं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि रेड्याला हाक दिली. त्याचा मला त्या दिवशी फार राग आला, आणि त्या रागातच मला उमगलं की माझं काय झालंय ते.

मांडव घालायच्या सकाळी विहिरीच्या काठावर दोन केळीचे खांब ठेवलेले सापडले, घडांसकट, मामांच्या वाडीत नसतील असे उंच. मामांनी त्यांना हात लावून पाहिलं. कुठल्या वाडीतले ते त्यांना दिसल्याबरोबर कळलं असणार. तरी खांब दाराशी बांधले गेले.

लग्न लागलं. बँड वाजला, प्रेमलता रडली, उमेळ्याहून आलेली माझी आई रडली, बोर्डीच्या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळून काय काय रांधता येतं तेही विचारून घेतलं. माझं सगळं लक्ष फाटकाकडे होतं. शेवटच्या पंगतीच्या वेळी ते आले. जगन्नाथकाका पुढे, ताठ मानेनं. मागे दिवाकरची आई, काकू, नवं लुगडं नेसून. आणि दिवाकर, शुभ्र सदऱ्यात, केस पाणी लावून चापून बसवलेले.

मी पानं मांडली. मीठ, लिंबू, भाजी, भात, वरण, सगळं एकटीनं वाढलं. माझ्या हातून तूप पानाबाहेर सांडलं तेव्हा दिवाकरनं ते बोटानं निपटून आत घेतलं आणि वर पाहिलं. मला धीर आला. पण जगन्नाथकाका जेवेनात. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. यजमान येऊन "सावकाश होऊ द्या" म्हणाल्याशिवाय घास उचलायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ते थांबले म्हणून ओळीतले म्हातारे थांबले, आणि बघता बघता सगळी पंगत थांबली. काकूंची मान खाली गेली. नुसते हातातले पंखे हलत होते.

मामा मांडवाच्या टोकाला, पाठ करून उभे होते. मी तांब्या हातात घेऊन त्यांच्यासमोर गेले. बोर्डीच्या बाई तिथेच होत्या. असू देत, म्हटलं. आज नाही बोलले तर जन्मभर बोलायची नाही.

"मामा, त्यांच्या घरी आज चूल पेटलेली नाही. मी शब्द दिला तो तुमच्या घराचा होता. ते तसेच उठले तर उपाशी जातील, आणि तुमच्या लेकीच्या मांडवातून जातील."

"तू चुकून दिलास शब्द."

"चुकून दिला. पण आता म्हणतेय ते चुकून नाही." मी तांब्या दोन्ही हातांनी धरला. "मला बोर्डीला जायचं नाही. मला त्याच दारात जायचंय, जिथं चुकून गेले. तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमच्याविरुद्ध पळून जाणार नाही. पण दुसऱ्या कुणाच्या गळ्यात माळही घालणार नाही. उमेळ्याला आईजवळ राहीन. दरवर्षी उन्हाळ्यात येईन आणि दरवर्षी हेच सांगेन."

आई माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. ती तिथून सरकली नाही.

मामांनी माझ्या हातातला तांब्या घेतला. मला वाटलं, आता तो जमिनीवर आपटणार. ते पंगतीत गेले, जगन्नाथकाकांच्या पानासमोर वाकले, आणि रिकाम्या फुलपात्रात पाणी ओतलं. थोडं पाणी पाटावर सांडलं.

"घे जगन्नाथा," ते म्हणाले. "तुझ्याही विहिरीचं आहे."

काकांनी मांडीवरचा हात फुलपात्राकडे नेला. मग उचललं आणि एका दमात रिकामं केलं.

"गोड आहे," ते म्हणाले. "अजून ओत."

"सावकाश होऊ द्या," मामा म्हणाले, पण ते नीट ऐकू आलंच नाही, कारण पंगत एकदम जेवायला लागली होती. बोर्डीचे पाहुणे जेवून, पान खाऊन, शांतपणे निघून गेले. भली माणसं होती. दिवाकरनं त्या दिवशी भात मागून मागून घेतला, आणि दर वेळी मीच वाढायला जात होते.

प्रेमलताची पाठवणी होऊन घर सुनं झालं. मामांनी मांडव सोडायला कोयता काढला त्या सकाळी मी मागच्या पडवीत लोणच्याच्या कैऱ्यांना मीठ-हळद चोळत होते. पुढच्या ओट्यावर आवाज ऐकू आले. जगन्नाथकाका नि काकू आले होते. काकू मामीला म्हणत होत्या, चूलबंद आमंत्रण द्यायला आलोय, सगळ्यांनी यायचं. मामांनी विचारलं, कशाचं?

"ते तूच सांग," काका म्हणाले. "मांडव तुझ्या दारात उभा आहे."

मग कोयता भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, आणि मामा मामीला म्हणाले की पावसाला अजून अवकाश आहे, राहू दे मांडव.

माझे हात कैरीत तसेच राहिले. वर पाहिलं तर दिवाकर पडवीच्या पायरीशी उभा. हातात त्याच्या आईची अक्षतांची वाटी. आज मात्र हसत नव्हता. घाबरलाच होता थोडा.

"आईनं पाठवलंय," तो म्हणाला. "तुलाही द्यायला सांगितल्यात. हात पुढे कर."

मी मनगटापर्यंत हळदीनं माखलेले दोन्ही पंजे त्याला दाखवले.

"डोक्यावर टाका," मी म्हणाले.

"डोक्यावर... नवरीच्या पडतात."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "टाका."