भोंग्यावरचा आहेर

केदारखेड्याच्या कडूबाची जीप म्हणजे अर्धी गाडी आणि अर्धा वाजंत्री. आत टेप आणि अँप्लिफायर, टपावर भोंगे, आणि या साऱ्यांचं पोट भरायला मागच्या सीटखाली वेगळी बॅटरी. इंजिनाची बॅटरी पुढे, गाण्याची मागे, आणि दोघींच्या मध्ये जालन्याच्या मिस्तरीने बसवलेला आयसोलेटर. कडूबा त्याला डबी म्हणायचा. इंजिन चालू असलं की डबी दोन्ही बॅटऱ्या चार्ज होऊ द्यायची, बंद झालं की दोघींना एकमेकींपासून तोडायची. गाण्यांनी मागची कितीही पिळून काढली तरी गाडी सुरू करण्यापुरती पुढची शाबूत राहायची. "डबीच्या नादाला लागू नको," असं मिस्तरीने बजावलंही होतं.

पण लग्नातला आहेर मिस्तरीला काय ठाऊक! टावेल-टोपी आणणाऱ्याचं नाव भोंग्यावर पुकारलं नाही, तर सोयरा न जेवता उठून जातो. आदल्या दिवशी राजूरच्या लग्नात नावं संपेनात आणि मागची बॅटरी मान टाकायला लागली. पूर्वी कडूबाचा मेहुणा कचरू पुकारायचा, झपाझप उरकायचा. तो दिवाळीत काविळीनं गेला, आणि नवा गडी एकेक नाव चघळत बसला. सोयऱ्यांचे डोळे वटारलेले पाहून कडूबाने जाड वायर घेतली, डबीला वळसा घालून दोन्ही बॅटऱ्या थेट जोडल्या. आहेर पार पडला. वायर काढायची तेवढी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाळंतपणाला माहेरी आलेली त्याची लेक बेबीनंदा कळांनी तळमळायला लागली. सुईण गिरिजाबाई बाहेर येऊन म्हणाली, "पोर आडवं हाय. जल्दी जालन्याला न्या."

कडूबाने चावी फिरवली. नुसतं टक् झालं. वायरीमुळे रात्रीतून मागचीने पुढचीही ओढून घेतली होती, दोन्ही बॅटऱ्या एकदम बसल्या होत्या. गल्लीने धक्का मारला तेव्हा कुठे इंजिन धरलं. आता वाटेत ते बंद पडलं तर लेक हातची गेली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मागे त्याची बायको तुळजाबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. राजूर मागे पडलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तापलेल्या डांबराचा वास सुटला होता. सावल्या पायाखाली गोळा झालेल्या त्या वेळेला टपावरचा भोंगा खरखरला.

"तातेराव, कुंभार पिंपळगावकर यांच्याकडून... टावेल-टोपी..."

कडूबाने अँप्लिफायरचं बटण चाचपलं. ते बंदच होतं.

"आवो..." तुळजाबाई पुटपुटली. "कचरूदादाचा आवाज हाय."

"वायर तशीच राह्यली डबीवर," कडूबा म्हणाला. "जे तुटलेलं राहायला पाह्यजे ते जोडलं गेलं."

"मंग काढा की!"

"थांबलो आन् इंजिन बंद पडलं तर? इथं धक्का कोण मारंल?"

"बद्रीनाथ यांच्याकडून..." भोंगा संथपणे म्हणाला, "दुखवट्याचा आहेर..."

दुखवट्याचा आहेर तेराव्याला आणतात, मुकाट्यानं देतात. तो भोंग्यावर कोणी पुकारत नाही. आणि नावं सगळी त्याच्याच सोयऱ्यांची होती. एकामागून एक येत होती, कचरू जिवंतपणी घ्यायचा तशीच, फक्त घाई नव्हती. आरशात लेकीचा चेहरा पांढराफटक दिसत होता. कडूबा ढसाढसा रडत गाडी हाणत राहिला. "कचरू, भाऊ, माझ्या लेकराला नको रे..."

दवाखान्याच्या फाटकात भोंगा म्हणाला, "बेबीनंदाबाईंना... साडी-चोळी..."

कडूबाचा जीव भांड्यात पडला. साडी घेणारी लेक म्हणजे जिवंत लेक! चावी काढून तो स्ट्रेचर आणायला पळाला. इंजिन बंद झालं तरी भोंगा बोलतच होता, आणि तुळजाबाई त्याच्याखाली गाडीतच बसली होती. तो परतला तेव्हा सगळं चिडीचूप होतं.

संध्याकाळी नात झाली. लेक सुखरूप होती. कडूबा आनंदानं लिंबाखाली येऊन टेकला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की सासरी दिलेल्या लेकीला दुखवट्याची साडी कधी मिळते. आई जाते तेव्हा, नाहीतर बाप.

"मी आत गेल्तो तव्हा पुढं कोणाचं नाव घेतलं गं?" त्याने हळूच विचारलं.

"कोणाचंच न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "खरखर झाली आन् बंद पडलं."

मग आपलीच पाळी असणार, असं त्याने मनोमन धरलं. लेक वाचली होती, त्याची तक्रार नव्हती.

लेकीला घेऊन घरी आले त्या दिवशी तुळजाबाईने त्याला चुलीपुढे बसवलं आणि ज्वारीच्या पिठाची परात समोर सरकवली.

"मला कशाला शिकवून राह्यली?" कडूबा हसला.

ती त्याच्याकडे न बघता लाकडं पुढे सारत राहिली.

"पाणी आधी कडकडीत होऊ द्यायचं," ती म्हणाली. "आन् मीठ ह्या डब्यात हाय. बघून ठेवा."